उपवासकाळात चर्चच्या पुलपिटावर नेत्याला बोलू द्यावं का? दफनभूमीच्या भिंतीचा प्रश्न आहे

कृष्णाकाठची (सांगली)

जय ख्रिस्त सगळ्यांना. दोनेक वर्षं इथं नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमची मंडळी लहान आहे, ऐंशीच्या आसपास घरं असतील. दफनभूमी खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा, त्यात दफनभूमीची भिंत दोन ठिकाणी पडली ती पडलीच. तेव्हापासून डुकरं शिरतात, कुत्री उकरतात, रात्री पोरं येऊन बसतात आणि सकाळी कबरींवर बाटल्या. माझे पप्पा त्याच पडलेल्या भिंतीच्या बाजूला आहेत. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कामावरून येताना गेले होते तिकडं. त्यांच्या लाकडी वधस्तंभावर आम्ही पांढऱ्या ऑइल पेंटनं नाव लिहून घेतलं होतं, ते पुरात गेलं, आता नुसतं 'प्रभूमध्ये' एवढंच वाचता येतं, पुढचं 'झोपी गेले' पण पुसलंय. सहा वेळा तरी अर्ज करायचं मनात आलं असेल, केला मात्र नाही, ती चूक माझीपण आहे.

आता मूळ गोष्ट. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी बायबलातल्या मत्तय ४ वर उपदेश केला, रानातली परीक्षा, सैतान येशूला उंच डोंगरावर नेतो, जगातली सगळी राज्यं आणि त्यांचं वैभव दाखवतो आणि म्हणतो पाया पडलास तर हे सगळं तुझं. आणि त्याच दिवशी उपासना सुटल्यावर चहाच्या वेळी कमिटीतले एक काका सांगत आले की आपल्या भागातले अमुक नेते (नाव लिहीत नाही, पुढच्या निवडणुकीला उभे राहणार आहेत) स्वतःच्या खर्चानं दफनभूमीची पूर्ण भिंत बांधून द्यायला तयार आहेत, गेटसकट, एका महिन्यात. वर चर्चला नवीन साउंड सिस्टीम. त्यांची मागणी एवढीच की झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार, येशू यरुशलेमेत आला त्याची आठवण) मिरवणुकीत ते सगळ्यात पुढं चालतील, मग चर्चमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि पुलपिटावरून, म्हणजे पाळक जिथून उपदेश करतात तिथून, दहा मिनिटं बोलतील.

कमिटीत आम्ही नऊजण, सातजणांना हे पसंत आहे. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, नुसतं 'प्रार्थना करू' म्हणाले. मी महिला मंडळाकडून आहे कमिटीत. मी म्हटलं मला विचार करायला वेळ द्या, तर एक काका म्हणाले, तुझे वडील तिथं आहेत आणि तूच आडवी पडतेस? घरी येऊन रडले मी.

खरंच सांगा, मी उगाच मोठं करतेय का हे? भिंत तर हवीच आहे. पण पुलपीट म्हटलं की मनाला टोचतं, आणि त्यात झावळ्यांचा रविवार. कुणाच्या मंडळीत असं झालंय का, तुम्ही काय केलं?

साधा_सभासद (मिरज)

ताई, तुमच्या भावना कळतात, तरी मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. भिंत घ्या.

माझ्या आईला मातीत ठेवलं तेव्हा पावसाळा होता, खड्ड्यात गुडघाभर पाणी साठलेलं, चौघांनी बादल्यांनी उपसलं तरी खालून येतच होतं, शेवटी तशातच पेटी खाली सोडली. पेटी खाली टेकली तेव्हा जो आवाज झाला तो अजून कानात आहे. तेव्हा कुठला अधिकारी नव्हता का नगरसेवक नव्हता. आपली मतं किती, तर मोजून सांगता येतील एवढी, म्हणून आपल्याकडं कुणी बघत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या दारात आलंय आणि आपण त्याला परीक्षेचा सैतान म्हणायचं, हे मला बरोबर वाटत नाही. तो माणूस आहे, त्याला मतं पाहिजेत, आपल्याला भिंत पाहिजे.

आणि शास्त्रात काय सगळे सत्तेपासून लांबच राहिले का? योसेफ फारोच्या दरबारात होता म्हणून दुष्काळात लोकं जगली. दानिएल बाबेलात राजाच्या कचेरीत होता. एस्तेर राणी नसती तर यहुदी लोक वाचले असते का? तिचा चुलतभाऊ मर्दखय तिला हेच म्हणाला ना की अशाच वेळेसाठी तुला हे पद मिळालं असेल. आजूबाजूच्या सगळ्या समाजांच्या कार्यक्रमांत नेते येतात, हार घालतात, चार शब्द बोलतात, जातात. त्यानं कुणाचा देव बाटला नाही. दहा मिनिटांनी आपला विश्वास जात असेल तर तो मुळातच कच्चा होता म्हणायचं.

अ‍ॅडव्होकेट_मिरज

मी वकिली करते आणि आमच्या चर्चमध्ये शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा) पण घेते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

आधी कायद्याचं, कारण कमिटीला ते माहीत असलंच पाहिजे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की मंदिर, मशीद, चर्च कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येत नाही. आणि आचारसंहिता लागलेली नसली तरी १९८८ चा एक केंद्रीय कायदा आहे, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठीचा, त्यात संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरू दिली तर चालवणाऱ्यांवर जबाबदारी येते. म्हणजे त्या दहा मिनिटांत 'मला आशीर्वाद द्या' एवढं जरी ते बोलले तर अडचणीत येणार पाळकसाहेब आणि तुम्ही नऊजण. हे त्या सात सभासदांना शांतपणे सांगा.

दुसरं, दहन-दफनाच्या जागांची व्यवस्था हे महापालिकेचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, कुणाचे उपकार नाहीत ते. आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. भिंत मागायची तर आयुक्तांकडे मागा, लेखी, पोच घेऊन.

आता साधा_सभासद दादा जे म्हणतात त्यात मला खरं दुखणं दिसतं आणि ते मी हलक्यात घेणार नाही. आपल्यातले किती जण दलित समाजातून आलेत हे सांगलीत कुणाला सांगायला नको. १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश निघाला, त्यात १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजपण बाहेर आहेत. माझ्याकडं पोरं येतात, मॅडम कागदावर काय लिहू म्हणून विचारतात, चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याची नोंद आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळंच, आणि विचारताना मान खाली घालतात. तेव्हा आपण राजकारणाकडं पाठ फिरवून बसायचं आणि त्याला भक्ती म्हणायचं हे मला पटत नाही. आपली बाजू मांडायला माणसं पाहिजेतच.

पण प्रश्न कसं मागायचं हा आहे. प्रेषितांची कृत्ये २२ उघडा, फटके मारायला प्रेषित पौलाला बांधतात तेव्हा तो सरळ विचारतो, रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायचा तुम्हाला अधिकार आहे का? २५ व्या अध्यायात तो कैसराकडं न्याय मागतो. हक्क मागायला तो लाजला नाही. पण मधला २४ वा अध्याय बघा. सुभेदार फेलिक्स त्याला सारखा सारखा बोलावून घ्यायचा, गोडगोड बोलायचा, कारण पौल पैसे देईल अशी त्याला आशा होती. पौलानं दिले नाहीत. दोन वर्षं तुरुंगात राहिला आणि फेलिक्स बदलून गेला तेव्हासुद्धा आतच होता. मी कोर्टात रोज बघते की देवघेव केली की काम होतं, म्हणून ही दोन वर्षं मला फार मोठी वाटतात. तोच माणूस हक्क म्हणून मागतो आणि सौदा म्हणून नाकारतो.

तुमच्या नेत्याचं देणं हे फेलिक्सच्या खोलीतलं आहे ताई, त्यात भिंतीची किंमत पुलपीट ठरलेली आहे.

निवृत्त_गुरुजी (तासगाव)

वकीलबाईंनी कृत्ये सांगितली, मी जरा मागं जातो. सवय आहे, पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला.

ताई, तुमचं मन का टोचतं ते लूक ४ मध्ये सापडेल. मत्तयात नाही ते एक वाक्य लूकात आहे. सैतान म्हणतो हा सगळा अधिकार माझ्या हाती दिलेला आहे आणि मला वाटेल त्याला मी तो देतो. येशूनं त्यावर 'खोटं बोलतोस' असं म्हटलेलं नाही. मी तरुण असताना मला हे वाचून भीतीच वाटली होती. येशू वाद घालत नाही, राज्यं कुणाची याचा निवाडा करत बसत नाही, नमन फक्त देवाला एवढंच शास्त्रातून सांगतो आणि थांबतो. चाळीस दिवस उपाशी असलेल्या माणसाचं उत्तर आहे ते. म्हणून मंडळीनं हा भाग उपवासकाळाच्या तोंडाशीच वाचायला ठेवला असावा असं मला आपलं वाटतं, पोट रिकामं असताना काय विकत घेतलं जातं ते कळावं म्हणून.

तुम्ही मोठं करत नाही आहात. मोठंच आहे ते.

आता जुन्या करारातलं शास्ते ९ वाचा. अबीमलेखानं राजा होण्यासाठी सत्तर भाऊ मारले आणि गुंडांना द्यायला पैसे कुठून आले, तर बआल-बरीथाच्या देवळातून, चांदीची सत्तर नाणी. देवळाचा पैसा सत्तेकडं गेला. तुमच्याकडं उलटं आहे, सत्तेचा पैसा देवळाकडं येतोय, पण वाट तीच, एकदा पडली की दोन्हीकडून गाडी जाते. तेव्हा वाचलेला धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून ओरडून गोष्ट सांगतो. झाडं राजा शोधायला निघाली. जैतुनाकडं गेली, तो म्हणाला माझं तेल सोडून येऊ? अंजीर म्हणाला माझी गोडी सोडून येऊ? द्राक्षवेल म्हणाली देवाला आणि माणसांना आनंद देणारा माझा रस सोडून झाडांवर डोलत बसू? शेवटी काटेरी झुडूप म्हणालं या, माझ्या सावलीत बसा. आम्ही तासगावची माणसं, उपवासकाळातच आमच्याकडं द्राक्षं उतरतात, सध्या बेदाण्याच्या शेडवर जाळ्या भरलेल्या आहेत, हात चिकट झाल्याशिवाय घरी येत नाही माणूस. वेलीखाली उभं राहून मी ही गोष्ट दरवर्षी नातवंडांना सांगतो. वेलीला काम आहे म्हणून ती नाही म्हणते. काटेरी झुडपाला सावलीच नसते आणि तरी ते सावलीत बोलावतं.

मंडळी सत्तेशी कशी वागू शकते याचं एक खरं उदाहरण सांगतो. थेस्सलनीका, पौलाची दोन पत्रं ज्या गावाला आहेत तेच, तिथं ३९० साली दंगा झाला, अधिकारी मारला गेला, तर सम्राट थिओडोसियसनं सैन्याकडून लोकांची कत्तल करवली. सम्राट ख्रिस्ती होता, मंडळीचा मोठा आश्रयदाता. मिलानचे बिशप अँब्रोस यांनी त्याला पत्र लिहिलं की तुम्ही पश्चात्ताप केल्याशिवाय तुमच्या समोर मी प्रभुभोजन अर्पण करू शकत नाही. आणि सम्राटानं राजवस्त्रं उतरवून सगळ्यांदेखत पश्चात्ताप केला. सम्राटानं बांधून दिलेल्या भिंतींच्या ओझ्याखाली अँब्रोसचा आवाज दबलेला असता तर ते पत्र लिहिलं गेलं असतं का? उद्या तुमचा हा नेता निवडून आला आणि त्यानं गरिबांच्या झोपड्या पाडल्या, तर तुमच्या पाळकांना त्याच पुलपिटावरून बोलता येईल का, एवढाच प्रश्न कमिटीला विचारा. येत असेल तर घ्या भिंत.

सातारकर_१९६२

गुरुजी छान लिहिलंत. मी साताऱ्यातून, आमच्याकडचं एक सांगतो कारण विषय अगदी तोच आहे.

सातारा म्हणजे गादीचं गाव, १७०८ पासून शाहू महाराजांची राजधानी, आणि १८४८ ला इंग्रजांनी वारस नामंजूर करून संस्थान खालसा केलं, ते इथल्या माणसाच्या मनात अजून आहे. दरबार हा शब्द इथं कुणी सहज वापरत नाही. त्याच साताऱ्यात १९१७ ला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला. त्याआधी बरीच वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, पगार होता, मान होता. ते सगळं सोडलं, भगवी वस्त्रं घातली आणि मिशनच्या पैशावर न चालणारी, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही जागा असलेली येशूच्या शिष्यांची सभा असावी म्हणून हे सुरू केलं. दोन वर्षं पण मिळाली नाहीत नीट, ९ मे १९१९ ला मुंबईत वारले. माझे आजोबा आम्हाला टिळकांची अभंगं म्हणून दाखवायचे, आवाज चांगला नव्हता पण टाळ सोडायचे नाहीत.

मला यात काय दिसतं सांगू का, टिळकांनी सोडला तो पैसा वाईट लोकांचा नव्हता. मिशननं शाळा काढल्या, दवाखाने काढले, आपण त्यातनंच शिकलो. तरी त्यांना वाटलं की ज्याच्या हातून पगार घेतो त्याच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय लागते. चांगल्या हातांबद्दल हे, तर निवडणुकीच्या हातांबद्दल काय?

अजून एक, लोक आपल्याला इंग्रजांचा धर्म म्हणून हिणवतात, तर फेब्रुवारी १८१३ ला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायला सांगितलं होतं. मराठी मुलखात हे मिशन सुरू झालं ते राज्यकर्त्यांना नको असताना. आपली सुरुवात कुणाच्या छत्राखाली झालेली नाही, आणि हे आपल्याच पोरांना माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पाचगणीवाली

मी कॅथलिक आहे, आमच्याकडची पद्धत थोडी वेगळी, तरी लिहिते कारण झावळ्यांच्या रविवारचं वाचून राहवलं नाही.

लहानपणी मी होस्टेलला होते. आमच्या सिस्टर गेल्या वर्षीच्या झावळ्या जपून ठेवायच्या, क्रुसामागं खोचलेल्या असायच्या त्या घरोघरून परत मागवायच्या, आणि राखेच्या बुधवारच्या आधी मागच्या अंगणात पत्र्याच्या घमेल्यात जाळायच्या. मग ती राख पिठाच्या बारीक चाळणीतून चाळायची, ते काम आम्हा मुलींना मिळायचं. नाकात जायची, खोकला यायचा, बोटं आठवडाभर काळी. तीच राख फादर कपाळाला लावायचे. म्हणजे होसान्ना म्हणून राजा राजा करून हलवलेली झावळी, तिचीच राख. तुमचे ते नेते मिरवणुकीत सगळ्यात पुढं झावळी घेऊन चालणार, आणि ज्या गर्दीनं त्या दिवशी होसान्ना म्हटलं तिथंच शुक्रवारी 'कैसराशिवाय आम्हाला राजा नाही' असं ओरडणं ऐकू आलं, हे त्यांना कुणी सांगेल का? मला तर त्यांच्याबद्दल पण वाईट वाटतं, त्यांना पुढं चालवून आपण त्यांचंही काही भलं करत नाही. त्या मिरवणुकीत मान होता तो गाढवावर बसलेल्या येशूचा, दुसऱ्या कुणाला मानाची जागाच नाही तिथं.

त्यांना येऊ द्या की. चर्चचं दार कुणाला बंद नसतं. बाकावर बसू द्या, शक्यतो मधल्या ओळीत, गाणी म्हणू द्या. पवित्र गुरुवारी या म्हणावं, पाय धुण्याचा विधी बघायला. पोप फ्रान्सिस निवडून आले त्या २०१३ च्या पवित्र गुरुवारी ते रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले होते, बारा पोरांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमान पण होते. आमच्या फादरांनी एका वर्षी चर्च झाडणाऱ्या मावशींचे पाय धुतले तर मावशींनी पाय मागं ओढून घेतले, अगदी येशूच्या शिष्य पेत्रासारखं, आणि सगळं चर्च गप्प झालं होतं.

आणि आर्चबिशप रोमेरोंची आठवण मला उपवासकाळात दरवर्षी येते. एल साल्वादोरमध्ये २३ मार्च १९८० ला, उपवासकाळातल्याच रविवारी, त्यांनी उपदेशात सैनिकांना सांगितलं की माणसं मारण्याचा हुकूम पाळायला तुम्ही बांधील नाही, ही दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्सा चालू असताना वेदीपाशी त्यांना गोळी घातली. पुलपीट म्हणजे काय असतं ते मला तिथं कळतं. दहा मिनिटं उसनी द्यायची वस्तू नाही ती.

साधा_सभासद (मिरज)

सगळ्यांचं वाचलं. पौल-फेलिक्सचं मला माहीतच नव्हतं, काल रात्री बायकोला वाचून दाखवलं.

तरी एक विचारतो, आणि मनापासून विचारतो. अर्ज केला, पोच घेतली, आणि दहा वर्षं भिंत नाही झाली तर? मधल्या दहा वर्षांत ज्यांची माणसं तिथं ठेवली जातील त्यांना आपण काय सांगणार, की आमचं पुलपीट शुद्ध राहिलं? माझ्या आईच्या वेळी मला कुणी हे सांगितलं असतं तर मी चर्चला जायचं सोडलं असतं.

अ‍ॅडव्होकेट_मिरज

दादा, याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही. एक करता येईल, महापालिका करेपर्यंत मंडळीनं आपल्या दानार्पणातून निदान पडलेल्या दोन भागांत तारेचं कुंपण घालावं. उपवासकाळात आपण मटण, चहा, काय काय सोडतो, त्याचे पैसे बाजूला ठेवले तर? यशया ५८ मध्ये देवाला कुठला उपास आवडतो ते लिहिलंच आहे. माझ्याकडून खांबांचे पैसे धरा, खरंच, मला मेसेज करा.

सातारकर_१९६२

+१. तारेचं कुंपण आमच्याकडं तसंच केलं होतं, तरुण संघानं दोन शनिवारात. खांब दोन फूट तरी खाली जाऊ द्या, ओढ्याकाठची माती आहे, पावसात कलतात. आणि काटेरी तार घ्यायची तर खालच्या ओळी जवळ जवळ ठेवा, डुकरं खालनं घुसतात.

कृष्णाकाठची (सांगली)

उशिरा लिहितेय, काल रात्री कमिटीची मिटिंग होती, साडेदहापर्यंत चालली.

गुरुजी, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला, उद्या त्यांच्याविरुद्ध बोलावं लागलं तर या पुलपिटावरून बोलता येईल का. बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा कापत होता, की माझं सांगायचं तर मला येणार नाही, मी तेवढा धीराचा माणूस नाही, म्हणून मला त्या जागी नेऊ नका. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, असं स्वतःबद्दल बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा आधी राग आला होता की हे गप्प का, तो गेला.

वकीलताईंचा १९८८ चा कायदा पण सांगितला, त्यानं तिघंजण बदलले, खरं सांगायचं तर शास्त्रापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली त्यांना. शेवटी पाच विरुद्ध चार असं ठरलं की सत्कार नाही, पुलपीट नाही, मिरवणुकीत पुढं दरवर्षीसारखी शब्बाथ शाळेची मुलंच चालणार. नेत्यांना निमंत्रण द्यायचं, सगळ्यांसारखं येऊन बसा म्हणून. आणि भिंतीचा अर्ज आयुक्तांना. ज्या काकांनी मला पप्पांवरून बोललं होतं ते मिटिंग सोडून गेले, चप्पल घालताना म्हणाले आता भिंत झाली तर मी बघतोच. त्यांची मोठी बहीण तिथंच आहे, माझ्या पप्पांच्या पलीकडं दोन कबरी सोडून. त्यांना मी दोष देऊ शकत नाही, आज सकाळी फोन केला होता, उचलला नाही. साधा_सभासद दादा, तुमचं वाचून मला त्यांचं जास्त कळलं, तुमच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून.

नेत्यांना निरोप गेलाय. 'बघू' म्हणाले, एवढंच.

कुंपणाचं तरुण संघाला पटलंय, येत्या शनिवारी माप घ्यायला जाणार आहेत, मी पण जाणार, पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेऊन ठेवलाय. सातारकर काका, दोन खांबांत अंतर किती ठेवलं होतं तुम्ही, आठ फूट का दहा? आणि वकीलताई, आयुक्तांच्या अर्जाचा नमुना असेल तर इथंच टाका, रविवारी उपासना सुटल्यावर दारातच टेबल टाकून सह्या घ्यायच्या आहेत, म्हातारी माणसं अंगठा देतील तर चालतं का तेही सांगा.